शिंग नसलेल्या पाहुणीचा यथोचित सत्कार

आमच्या वस्तीत कुणाकडे पाहुणा मुक्कामाला आला, तर चोवीस तासांच्या आत वस्तीप्रमुखाकडे त्याची वर्दी द्यावी लागते. जावा बेटावर हा नियम गल्लोगल्ली आहे आणि त्याची पाटी प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी असते. आमच्या चिकुबांगची पाटी मी स्वतः रंगवलेली आहे. हिरव्या रंगावर पिवळी अक्षरं, आणि खाली नियमापेक्षा किंचित मोठ्या अक्षरांत माझं पद. पदाला इकडे 'एर्ते' म्हणतात. एर्ते ही सरकारची शेवटची पायरी. सरकार जिच्यावर पाय पुसून पुढे जातं ती. पगार नाही, सुटी नाही, पण मान आहे. माझं नाव जुहरी. ते आता फक्त माझ्या बायकोला भांडताना आठवतं, आणि अंबू आर्सीला, कारण त्या म्हातारीनं मला लहानपणी उघडानागडा ओढ्यात डुंबताना पाहिलेलं आहे. बाकी सगळे 'पाक एर्ते', म्हणजे एर्तेराव, म्हणतात.

ही प्रस्तावना एवढ्यासाठी, की पुढे जे घडलं त्यात नियमभंग कुणाचा झाला हे वाचकांना स्पष्ट असावं. नियमभंग अंबू आर्सीचा झाला. तिच्याकडे एक बाई लेकरासह मुक्कामाला आली आणि तिनं वर्दी दिली नाही.

बाई गेंडा होती, ही गोष्ट वेगळी.

भाताची शेवटची खाचरं जिथे संपतात आणि उजुंग कुलोनचं जंगल जिथे सुरू होतं, तिथे अंबूचं घर. घरामागे केळी, केळींमागे एक डबकं. नवरा होता, म्हैस होती, तेव्हा म्हैस त्यात बसायची. नवरा गेला, म्हैस विकली गेली, डबकं राहिलं, कारण त्याच्या तळाशी झरा होता आणि झऱ्याला गिऱ्हाईक नसतं. त्या वर्षी कोरडे महिने लांबले. जंगलातले ओहोळ आटले, चिखलाच्या जागा खापरासारख्या तडकल्या. आणि एका सकाळी चिखलाचा वास काढत काढत ती आली.

मला हे कळलं सापरीकडून. सापरी आमच्या वस्तीचा चिटणीस. उशिरा कळलेली बातमी लवकर कळल्यासारखी सांगणं ही त्याची नेमणूक.

“पाक एर्ते, अंबूकडे पाहुणे आलेत. काल सकाळपासून.”

“म्हणजे चोवीस तास होऊन गेले.”

“गेले.”

“पुरुष की बाई?”

“बाई. लेकरू आहे बरोबर.” सापरीनं जरा विचार केला. “चार पाय आहेत.”

“दोघांचे मिळून?”

“एकेकाचे.”

मी टोपी घातली आणि निघालो. नियमापुढे पायांची संख्या बघायची नसते.

अंबू परसात चुलीपुढे बसली होती. ताडाच्या रसाचा गूळ कढईत रटरटत होता आणि ती तो लाकडी उलथन्यानं ढवळत होती. माझ्याकडे न बघता तिनं ओठावर बोट ठेवलं.

“अंबू, तुमच्याकडे पाहुणे आलेत म्हणे.”

“माझ्याकडे कुठे? चिखलाकडे आलेत. त्याला विचार.”

“जमीन कुणाची?”

“माझी.”

“मग यजमान तुम्हीच.”

“बरं, मी तर मी. पण हळू बोल. बाळंतीण आत्ता कुठे डोळा लावतेय.”

मी केळीच्या पानाआडून पाहिलं. गेंडा आमच्याकडे सर्वत्र आहे: बसथांब्यावर, शाळेच्या भिंतीवर, तालुक्याच्या बोधचिन्हावर, तिठ्यावरच्या सिमेंटच्या पुतळ्यात. त्यामुळे तो बघण्याची वेळ कुणावर आलेली नव्हती. आणि आता ती समोर होती, गळ्यापर्यंत चिखलात, अंगावर जुन्या गोधडीसारख्या घड्या, डोळे अर्धे मिटलेले. वरचा ओठ बोटासारखा लांबवून ती केळीशेजारचा एक कोवळा कोंब चाचपत होती, बाजारात बाया कापड चाचपतात तसा. तिच्या पाठीला टेकून बकरीएवढं एक लेकरू. कान मात्र थोरल्या कुणाचे उसने घेतल्यासारखे. ते झोपेत चिखलात आणखी थोडं रुतलं आणि एक बुडबुडा वर आला.

मी काही वेळ वस्तीप्रमुख नव्हतो. किती वेळ ते सांगता येत नाही. मागे अंबू कढई ढवळता ढवळता गुणगुणत होती:

*चिखलाचा गं पाळणा, केळीपानांची सावली,*
*हळू टाका गं पाऊल, निजे दमली माउली.*

मग सापरीनं खोकून मला पदावर परत आणलं.

नियमाप्रमाणे मला चार गोष्टी विचारायच्या होत्या. नाव, गाव, येण्याचं कारण आणि परतीची तारीख. नाव नाही, गाव जंगल, कारण बाळंतपण, अशी तीन उत्तरं अंबूनं एका दमात दिली. गाडं चौथ्यावर अडलं. आमच्याकडे पाहुण्याला 'कधी जाणार' असं विचारत नाहीत. पाहुण्यानं मुक्काम लांबवला, तांदळाचं मडकं खडखडलं, तरी यजमान शेजारून तांदूळ उसने आणतो आणि पाहुण्यानं चप्पल घातलीच तर दुखावल्या आवाजात म्हणतो, “इतक्यात?” माझे मेहुणे याच पद्धतीनं आमच्याकडे राहतात. तर हा प्रश्न मी विचारायचा नव्हता, अंबूनं विचारायचा नव्हता, आणि जिला विचारायचा ती झोपली होती.

अंबूनं उलथनं बाजूला ठेवलं. तिनं मला नावानं हाक मारली तेव्हाच मी समजलो, की आता काहीतरी मागणार.

“जुहरी, वर कळवू नकोस रे. पाऊस पडेपर्यंत राहू दे तिला. ओहोळ भरले की आपली आपण जाईल. गर्दी झाली तर ती उठेल, आणि उठून जाईल कुठे? कुठेही ओल राहिलेली नाही. त्या बाळाची कातडी बघ, ओल्या कागदासारखी आहे. उन्हानं फाटेल.”

“अंबू, मी नियमात बसेल तेवढं सगळं करीन.”

“तेवढ्याचीच तर भीती वाटते.”

मी शब्द पाळला. पण परतीची तारीख नसलेली वर्दी माझ्या पातळीवर मिटवता येत नाही, ती वर पाठवावी लागते. वर्दीचा स्वभाव धुरासारखा आहे. तिला दुसरी दिशा माहीत नाही. मी फक्त तिच्यावर 'गोपनीय' असं लिहिलं. त्यामुळे ती ज्या ज्या टेबलावर गेली, तिथे सगळ्यांनी वाचली.

दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे माणसं यायला लागली. फार नाहीत, आणि सगळी सभ्य. आमची माणसं कुणासमोरून जाताना अर्धं वाकून, हात खाली सोडून 'पुन्तेन, पुन्तेन' म्हणत जातात. मोठ्यांची वाट अडवल्याची ती माफी. गेंड्यासमोरूनही ती तशीच गेली. वाकून, माफी मागून, आणि मग सरळ उभं राहून फोटो काढून. पाहुणी पहिल्या दिवशी कान फिरवून पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी उठून केळींपलीकडच्या झाडोऱ्यात गेली. मग ती फक्त पहाटे उजाडताना यायला लागली, लेकराला पुढे घालून, घाईघाईनं अंग बुडवून जायला लागली. सकाळच्या नळावर नंबर लावल्यासारखी.

अंबूनं येणाऱ्यांना हाकललं का? नाही. पाहुण्यांना हाकलत नाहीत. तिनं त्यांना कॉफी दिली आणि दर घोटाला टोमणा दिला. “प्या, प्या. कप परत द्या. लाज परत नाही दिलीत तरी चालेल.”

दुसरी गोष्ट म्हणजे तालुक्याच्या कचेरीनं खुलासा मागवला. वर्णनात शिंगाचा उल्लेख नाही. तालुक्याच्या बोधचिन्हावरील गेंड्यास शिंग असून ते उजवीकडे झुकलेलं आहे. सबब, सदर प्राणी गेंडा असल्याबाबत खात्री करावी.

खात्री करायला वनरक्षक पाक वास्ता आले. उभी हयात जंगलात गेलेला माणूस. पायांवर जळवांच्या खुणा, तोंडात लवंगेची सिगारेट, आणि गेंडा या विषयावर तालुक्यात त्यांच्याएवढा अधिकार कुणाचा नाही. पहाटे मी, सापरी आणि ते चुलीमागे दबा धरून बसलो. पाहुणी आली. आमच्यापासून ओसरीएवढ्या अंतरावर उभी राहिली. पाक वास्ता बघतच राहिले.

“हा गेंडा आहे ना?” मी हळूच विचारलं.

“सांगता येत नाही,” ते म्हणाले.

“पाक, तुमचा जन्म गेला गेंड्यांत.”

“गेंड्यांत नाही, लेंड्यांत. मी आजवर लेंडी पाहिली, पाऊल पाहिलं, खाल्लेला पाला पाहिला, चिखल घासलेलं झाड पाहिलं. तोंड हे पहिल्यांदाच बघतोय. थांबा, ती जाऊ दे.”

ती गेल्यावर ते चिखलाकाठी गेले, बसले, एक ताजी लेंडी उचलून फोडली, वास घेतला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. “तीच,” ते म्हणाले. “तीच आहे.” मग बाही डोळ्यांना लावून जाहीर केलं, की मादीला शिंग नसतं म्हणजे नसतं, नुसता उंचवटा असतो. सापरीनं ते लिहून घेतलं आणि नम्रपणे विचारलं, “मग बोधचिन्हावरचा नर तिचा कोण?”

हा प्रश्न सापरीनं सहज विचारला, पण नोंद झाल्यावर तो प्रश्न राहिला नाही, मुद्दा झाला. बाई एकटी, बरोबर तान्हं, सोबत घरधनी नाही. अशा मुक्कामाला वस्तीचा वेगळा नियम आहे. त्यावर बैठक झाली. आमच्याकडे हात वर करून निर्णय होत नाहीत. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसायचं. एकमत बहुधा तेव्हा होतं, जेव्हा शेंगदाणे संपतात. त्या दिवशी शेंगदाणे बरेच होते. शेवटी असं ठरलं, की तिठ्यावरचा सिमेंटचा पुतळा हा तालुक्याचा अधिकृत गेंडा असल्यानं लेकराची जबाबदारी प्रथमदर्शनी तालुक्याकडे जाते. हे आम्ही नम्रपणे वर कळवलं.

याचा परिणाम चांगला झाला असं त्या वेळी आम्हा सगळ्यांना वाटलं. कारण तालुक्याचे साहेब हे वाचून खुश झाले. त्यांनी निरोप पाठवला, की आपण स्वतः येऊन माता आणि बालकाचा सत्कार करू. कार्यक्रमाचा विषय 'शांतता हाच निवारा.' ध्वनिव्यवस्था चांगली असावी.

साहेब येणार म्हटल्यावर बाकी काही बोलायचं उरलं नाही. आधीच्या रविवारी श्रमदान ठरलं.

आमच्या श्रमदानाबद्दल बाहेरच्यांना कल्पना नसते. इथे पाहुणा येणार म्हणजे गवत कापायचं, गटार उपसायचं, झाडांच्या बुंध्यांना गुडघ्यापर्यंत चुना लावायचा. कचरा नसलेल्या जागेत माणूस आणला तर त्याचा मान राखला जातो, आणि कचरा असलेल्या जागेत आणला तर सात पिढ्या बोलणी खातात. त्या रविवारी वस्तीतलं एक माणूस घरी राहिलं नाही. फावडी, कुदळी, झाडू, टोपल्या घेऊन सगळे अंबूच्या दारात. मनापासून सांगतो, त्यात कुणाचा स्वार्थ नव्हता. आमच्या वस्तीला आजवर एवढा मोठा पाहुणा मिळालेला नव्हता. एक तर साहेब आणि दुसरी ती. दोघांचाही अपमान होऊ नये एवढंच प्रत्येकाच्या मनात होतं.

अंबू दारात आडवी उभी राहिली.

“कशाला आलात?”

“तुम्हाला मदत करायला, अंबू,” सापरी म्हणाला. “एकट्या तुम्ही किती करणार?”

“मला काही करायचंच नाहीये.”

“असंच म्हणणार तुम्ही. कष्टाळू माणूस असंच म्हणतं.”

अंबूनं माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं, पाऊस येतो का म्हणून. आभाळ कोरं होतं. आणि मग अंबूचं जे झालं ते आमच्यापैकी कुणाचंही झालं असतं. मदतीला दारात आलेल्या माणसांना 'जा' म्हणता येत नाही. त्यांना खायला द्यावं लागतं. ती आत गेली आणि तिनं तेल तापत ठेवलं. सबंध सकाळ तिला कसाव्याचे काप तळावे लागले, कॉफी गाळावी लागली, कारण हात राबणारे खूप आणि भूक मोठी. आत तेल चरचरत होतं आणि बाहेर आम्ही काम करत होतो.

आम्ही डबकं साफ केलं.

घाण फार होती. कुजका पाला, शेवाळ, आणि हातभर खोल काळा चिखल. लेकरू निजलेलं पाहिलं होतं सगळ्यांनी, त्यामुळे कुणी म्हणालं, “अशा घाणीत तान्हं बाळ ठेवलं होतं बिचारीनं.” बायांना गलबलून आलं. त्यांनी पदर खोचून टोपल्यांनी तो चिखल उपसला आणि नाल्यात टाकला. तळाला झरा लागला, नितळ. त्याभोवती आम्ही काठ बांधला. माझ्या घरच्या न्हाणीसाठी आणलेली निळी फरशी होती. ती मी बायकोला न विचारता दिली, यावरून माझा हेतू कळावा. काठाला चुना लावला. केळी सुकी पानं टाकतात, कचरा करतात, म्हणून पाण्यावर ओणवणाऱ्या दोन केळी काढल्या. त्या जागी कापडी फलक उभा राहिला: 'चिकुबांग वस्ती आपले हार्दिक स्वागत करते.'

अंबू परात घेऊन बाहेर आली. ती थांबली. परातीतले काप अजून कुरकुरत होते. निळ्या फरशीवर ऊन चमकत होतं, पाण्यात तळाचा खडा न् खडा दिसत होता. आम्ही सगळे कौतुकाची वाट बघत उभे होतो.

तिनं परात जमिनीवर ठेवली.

“खा,” ती म्हणाली. “दमला असाल.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पाहुणी आली. हे मी पाहिलेलं नाही, अंबूनं सांगितलं, आणि तेही मला नाही, माझ्या बायकोला. आई फलकाजवळ येऊन थांबली. चुन्याचा वास घेऊन तिनं मान झटकली. लेकरू मात्र सवयीनं पुढे धावलं आणि फरशीवरून चारी पाय फाकून सटकलं. पाण्यात पडलं, पण पाण्यात रुतता येत नाही. उगाच हातपाय मारून बाहेर आलं, लख्ख स्वच्छ. आईनं त्याला हुंगलं. कदाचित ओळख पटवत असेल. मग नाकानं त्याला ढकलत ढकलत घेऊन गेली. वळून पाहिलं नाही, असं अंबू म्हणाली. माझी बायको हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती. फरशीचा रागही त्यात असणार.

कार्यक्रम त्याच दिवशी होता. साहेब निघालेले होते. मानाच्या पाहुण्यासाठी रचतात तो भाताचा पिवळा सुळका रचून झाला होता, बाजाची पेटी आणि गाणारी आलेली होती, कर्णे नारळीवर चढले होते, आणि सत्कारमूर्ती नव्हती. आमच्यात असं कळवत नाहीत, की पाहुण्या निघून गेल्या. साहेबांना काय वाटेल? बैठक घ्यायला वेळ नव्हता, शेंगदाणेही नव्हते. तेव्हा स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीतला गेंडा शाळेच्या माळ्यावरून खाली काढला. बांबूचा सांगाडा, वर राखाडी कापड, आणि हातभर लांब शिंग. आत कुणी शिरायचं यावर एकमत चटकन झालं.

“मीच का?” सापरी म्हणाला.

“चिटणीस तूच ना?”

साहेब आले. गाणारीनं स्वागताचं गाणं म्हटलं. कर्णे इतके सुरेल, की समुद्रावरचे कोळी नावा थांबवून ऐकत होते म्हणतात. मग भाषणं. आमच्याकडे भाषणाच्या सुरुवातीला हजर असलेल्या प्रत्येक मान्यवराचं नाव पदासह घ्यावं लागतं, वरून खाली. गेंड्याला कुठे बसवायचं? साहेबांच्या आधी घेतलं तर साहेब लहान होतात, माझ्या नंतर घेतलं तर संवर्धन लहान होतं. मी त्याला 'आणि ज्यांच्यामुळे आपण सारे' असं म्हणून मधे बसवलं. साहेबांचं शांततेवरचं भाषण ऊन उतरेपर्यंत चाललं. ते म्हणाले, गेंडा लाजाळू आहे, त्याला एकांत द्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाक वास्ता मागे उभे होते, सिगारेट न पेटवता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते सापरीकडे पाहत होते. “मागून बघितला,” ते पुटपुटले, “तरी पटत नाही.”

मग साहेबांनी भाताच्या सुळक्याचं टोक कापलं. ते टोक सगळ्यात मानाच्या पाहुण्याला द्यायचं असतं. साहेबांनी ते कापडी गेंड्यापुढे धरलं. सापरीनं सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. शिंगाखालून एक हात बाहेर आला आणि टोक आत गेलं.

“इथे बरं वाटतंय ना?” साहेबांनी कौतुकानं विचारलं.

“सगळ्यांच्या कृपेनं, साहेब,” गेंडा म्हणाला.

साहेब क्षणभर थांबले. मग त्यांनी शिंगाकडे नीट पाहिलं, वाकून पाहिलं, मागच्या कारकुनाकडे वळून मान डोलावली. “उजवीकडे झुकलेलं आहे. बरोबर आहे.” खुलाशाचा विषय तिथे मिटला. आम्हाला 'आदर्श गेंडास्नेही वस्ती' असा फलक मिळाला. तो आता निळ्या फरशीच्या काठाशी लावलेला आहे आणि सुटीच्या दिवशी लोक तिथे फोटो काढायला येतात. वस्तीचं नाव झालं.

अंबू त्या दिवशी कार्यक्रमाला आली नाही. दार लावून आत गूळ ढवळत होती.

पाऊस तरीही आला नाही. आणि थोड्याच दिवसांत तक्रार आली, की अंबू आर्सी सार्वजनिक ठिकाणी घाण करते. तक्रार खरी होती. तिनं एका कडेच्या माझ्या फरशा उखडल्या होत्या. नाल्यातला चिखल टोपलीनं परत आणत होती, केळीची कुजकी सोपटं आणत होती, झऱ्याचं पाणी त्यावर वळवत होती. सूचना द्यायला मला जावंच लागलं. एकटा गेलो. सापरीची पाठ त्या सांगाड्यानं धरली होती, ती अजून सुटली नव्हती.

अंबू गुडघाभर चिखलात उभी होती, काठीवर भार देऊन, एक पाय उचलून, एक रोवून. या वयात.

*तुडविते गं मी गारा, करिते लोण्यावाणी मऊ,*
*लेकी येती माहेराला, त्यांना कोरडं कसं ठेवू?*

“अंबू, हे नियमात बसत नाही,” मी म्हणालो.

“चिखलात बसतं. पाय पुसून वर ये, पाक एर्ते, कॉफी ठेवते. नाही तर असं कर, चप्पल काढ आणि खाली ये. हा कोपरा मला तुडववत नाही.”

मी वस्तीप्रमुख आहे. मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. चप्पल काढण्यासाठी वाकलो, आणि तेव्हा मला ते दिसलं. चिखलाच्या पलीकडच्या काठावर, उखडलेल्या फरशीशेजारी, ताटाएवढं एक पाऊल, तीन बोटांचं. त्याला खेटून दुसरं, करवंटीएवढं. पाणी अजून त्यात उतरत होतं.

अंबूनं माझी नजर पाहिली. डोक्यावरचं बांबूचं टोपरं काढून तिनं त्या पावलांवर पालथं घातलं, आणि उन्हात तसंच उभं राहून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हनुवटीवर चिखलाचा एक थेंब होता. तो थरथरत होता.

“दिसलं का काही?” तिनं विचारलं.

“टोपरं दिसलं,” मी म्हणालो.

मग मी तो कोपरा तुडवला. चांगला तुडवला.

हे मी वर कळवलेलं नाही. सापरीला नाही, पाक वास्तांना नाही, बायकोलाही नाही; कारण बातमी फुटली की काय होतं हे आता मला कळतं. फक्त तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही वेगळे. तुम्ही इथवर वाचत आलात, त्या लेकरासाठी तुमचा जीव तुटला, ते माझ्या लक्षात आलं. तुम्ही गर्दी करणाऱ्यांतले नाही. आलात तर घरचीच चार माणसं आणाल, मुलांना दाखवायला, आवाज न करता, आणि एकच फोटो काढाल, तोही बाहेर कुणाला न दाखवण्यासाठी. अशा माणसांना नाही म्हणणं आमच्या रक्तात नाही. अवश्य या. नेमकं कुठल्या दिवशी ते तेवढं ठरवा. तुम्ही यायच्या आधीच्या रविवारी आम्ही सगळे मिळून ती जागा साफ करून ठेवू.